हिरव्या बाटलीतील 'मेक्सिको' आणि परभणीचे कागदी लिंबू

१/ परभणीच्या एका मित्राने 'मार्गारिटा मिक्स'च्या तीन बाटल्यांची छायाचित्रे पाठवून विचारले, "इतिहासवाल्या, यातली अस्सल मेक्सिकन चवीची कोणती?" माझे उत्तर त्याला रुचले नाही. अस्सलपणा बाटलीच्या दर्शनी चित्रात शोधणे ही चूक इतिहासाच्या अभ्यासकाने तरी करू नये. साधन तपासावे, आणि येथे साधन मागच्या बाजूला छापलेले असते.

२/ प्रथम पेय पाहू. मार्गारिटा पहिल्यांदा कोणी केली, याचे दावेदार अनेक आहेत. 'एस्क्वायर' मासिकाने डिसेंबर १९५३ मध्ये छापलेली कृती मात्र आपल्यासमोर आहे: टकीला, संत्र्याच्या मद्याचा शिडकावा आणि अर्ध्या लिंबाचा रस. त्यात तयार मिश्रण कोठेही नाही. मद्य वगळले, तर उरतात लिंबू आणि पेल्याच्या कडेचे मीठ. त्यात साखर-पाणी घाला, आजीचे लिंबूसरबत तयार!

३/ आता ते लिंबू. जगभर ज्याला 'मेक्सिकन लाइम' म्हणतात, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपले कागदी लिंबूच. मूळ आशियातले हे फळ अरबांनी पश्चिमेस नेले आणि स्पॅनिशांनी अमेरिका खंडात. ज्या चवीला आपण 'परदेशी' म्हणून पैसे मोजतो, ती येथूनच तिकडे गेली.

४/ आणि परभणी? कागदी लिंबाचे 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' हे दोन नामांकित वाण येथील कृषी विद्यापीठाने निवडले. दोन्ही घोसाने फळतात. ज्या गावाने लिंबाला वाण दिले, त्या गावाने लिंबाची चव बाटलीत शोधावी, यापरती विसंगती कोणती?

५/ येथे काही उत्साही मंडळी म्हणतील, "म्हणजे मार्गारिटा आपलीच!" क्षमा करा, हेही तयार मिश्रणच. शिवकाळात येथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने गोव्यातील नेरूळच्या मद्यापासून होणाऱ्या 'पंच'चे नाव पाच घटकांवरून पडल्याचे लिहिले आहे (ग्रंथ १६९८). परंतु त्याच्याआधी, १६३८ च्या सुमारास, मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने सुरतेच्या इंग्रजांचे असेच पेय नोंदवले. त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळाचा रस आणि साखर असे चारच घटक आहेत. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. मद्य, आंबट आणि गोड यांची सांगड जुनी आहे, एवढेच साधने सांगतात. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

६/ मग रस बाटलीतून कसा हरवला? १८६७ मध्ये स्कॉटलंडच्या लॉकलन रोझने मद्याऐवजी साखर वापरून लिंबाचा रस टिकवण्याचे पेटंट घेतले. तेथे रस होता. सायट्रिक आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातूनच वेगळे केले होते. परंतु १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ते साखरेवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीपासून काढता येते हे दाखवले आणि १९१९ पासून फायझरने त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. आंबटपणाला लिंबाची गरज उरली नाही. हे आम्ल विषारी नाही. पण त्याला आंबटपणा आहे, गंध नाही. लिंबाची ओळख त्याच्या सालीतल्या तेलात असते.

७/ "उन्हाळ्यात लिंबू परवडते का?" हा आक्षेप मात्र रास्त आहे. ऐन मागणीच्या दिवसांत फळ कमी येते आणि भाव चढतो. बाटली घ्यायचीच असेल, तर घ्या. पण वाचून घ्या.

८/ घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. लिंबाचा रस आरंभी असेल, तर बाटली हाती धरा. पाणी, साखर, 'आम्लता नियामक ३३०' आणि हिरवा रंग एवढेच असेल, तर ठेवून द्या. '३३०' म्हणजे तेच सायट्रिक आम्ल. 'लिंबाचा स्वाद' आणि 'लिंबाचा रस' हे शब्द समानार्थी नाहीत. घरी आणल्यावरही अर्धे ताजे लिंबू पिळा आणि सालीचा किंचित कीस घाला.

९/ मित्राच्या तीन बाटल्यांपैकी एकीतच रस होता, तोही यादीच्या शेवटी. त्याला कळवले: तिन्ही ठेव, मोंढ्यातून पावशेर लिंबे आण. पावसाळ्यात हीच लिंबे मातीमोल जातात आणि तेव्हा 'अस्सल चवी'ची आठवण कोणालाही होत नाही. साधने वाचण्याची सवय केवळ दप्तरखान्यासाठी नसते. ती दुकानातही सोबत न्यावी.