लिफ्टखालचा खड्डा

चाळीतून सोसायटीत आलेली आपली पुष्कळ कुटुंबे आता पनवेलमध्ये चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहतात. लिफ्टने रोज चढ-उतार होते. पण तिच्या खालच्या खड्ड्यात काय असते, हे किती जणांनी पाहिले आहे?

तेथे बफर असतो. तेलाच्या बफरमध्ये नळकांडे, तेल आणि दांडा असतो. लिफ्ट तळमजल्याखाली घसरलीच, तर दांडा दाबला जातो, तेल बारीक छिद्रांतून सरकते आणि धक्का जिरतो. दोर तुटल्यास लिफ्ट अडवणे हे मात्र सेफ्टी गिअरचे काम.

मागे ऐन पावसाळ्यात आम्ही एका सोसायटीत गेलो. खड्ड्यात वीतभर पाणी, दांडा गंजलेला आणि मेंटेनन्सच्या वहीत मात्र दरमहा 'ठीक' म्हणून सही! त्या पाण्यात एका कोवळ्या हेल्पर पोराला उतरवीत होते. आम्ही त्याला अडवले. मेन स्विच बंद करून पाणी उपसले, मगच तो उतरला. तोही कुणाच्या तरी आईचा लेक.

बंधु-भगिनींनो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा : तेलाची पातळी पाहिली का? गळती, गंज आहे का? दाबलेला दांडा पूर्ण वर येतो का? खड्डा कोरडा आहे का? उत्तर न मिळाल्यास लिफ्ट निरीक्षकाकडे लेखी अर्ज करा. राज्यात त्यासाठी २०१७ चा कायदा आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी मजुराचा जीव स्वस्त मानू नये. तथागतांचा अप्पमाद म्हणजे तरी दुसरे काय? वेळीच सावध राहणे. जयभीम!