विश्लेषण : घरी येणारी ‘नर्स’ खरंच नर्स असते का?

अर्धांगवायूच्या रुग्णाला डिस्चार्ज मिळतो, तेव्हा नाकात नळी असते, लघवीची पिशवी असते आणि नातेवाइकांच्या हातात एखाद्या ब्युरोचा नंबर असतो. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘बारा तासांचे किती?’ येणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण काय, हा प्रश्न राहूनच जातो.

नियम काय सांगतात?

एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिकेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. मात्र तो रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या जागेपुरता आहे. रुग्णाचे स्वतःचे घर त्यात बसत नाही. ब्युरोकडे दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी असली, तरी ती शुश्रूषेच्या दर्जाची हमी नव्हे.

स्पर्धा आहे, मग दर्जा का वाढत नाही?

कारण दर दिसतो, दर्जा दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्री ती बदलली की नाही, हे पाठीवर जखम दिसेपर्यंत कळत नाही. अशा बाजारात प्रशिक्षणावर खर्च करणारा ब्युरो महाग ठरतो आणि मागे पडतो. दर पाडण्याची झळ अटेंडंटच्या पगाराला बसते. ती काम सोडते आणि रुग्णासमोर पुन्हा नवा चेहरा येतो.

इतरत्र काय होते?

इंग्लंडमध्ये घरी जाऊन आंघोळ घालणे, भरवणे अशी सेवा देणाऱ्या संस्थेला ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे नोंदणी सक्तीची आहे. तिचे तपासणी अहवाल जाहीर होतात.

इथे काय करता येईल?

रुग्णालयाचे सगळे नियम ब्युरोंवर लादले, तर छोटे ब्युरो बंद पडतील आणि दर वाढतील. त्यापेक्षा सुरुवात माहितीपासून व्हावी : ब्युरोची सक्तीची नोंदणी, पाठवलेल्या व्यक्तीचे लेखी शिक्षण आणि तक्रारीसाठी एक अधिकारी. दर्जा दिसू लागला, तरच स्पर्धा त्यावर होईल.

तोवर कुटुंबांनी परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा आणि पैसे दिल्याची पावती जपावी. ग्राहक आयोगात दाद मागताना तीच उपयोगी पडते.