राजाला सवलत, बाईला शास्त्र

मार्च 1928 मध्ये आमच्या कोल्हापूरच्या करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी सिएटलच्या नॅन्सी मिलरला हिंदू करून घेतलं. तिची शर्मिष्ठा झाली आणि इंदूरच्या तुकोजीराव होळकरांशी बडवाहला तिचं लग्न लागलं. परक्या मुलीला धर्माचं दार उघडलं, हे मोलाचंच. पण मी विचारते, उघडलं कुणासाठी? बावला खून प्रकरणापायी 1926 साली गादी सोडावी लागलेल्या, आधीच दोन लग्नं झालेल्या महाराजांसाठी! तिच्या धर्मावरून, जातीवरून रान पेटलं. तिसऱ्या लग्नाला मात्र शास्त्राची आडकाठी नव्हती, आणि आधीच्या राण्यांची संमती तर त्या शास्त्राला लागतच नव्हती.

हा रोग एकट्या हिंदूंचा नाही. पोपविरुद्ध उभ्या ठाकलेल्या मार्टिन ल्यूथरने डिसेंबर 1539 मध्ये हेसेच्या फिलिपला, पहिली बायको नांदत असताना दुसरी करण्याची मुभा लेखी दिली. अट एकच, बोभाटा करायचा नाही. फिलिप प्रोटेस्टंटांचा खंदा आधार होता, त्याला दुखवायचं कसं? इंग्लंडच्या आठव्या हेन्रीसाठी आर्चबिशप क्रॅनमरने 1533 साली कॅथरिनचा जवळजवळ चोवीस वर्षांचा संसार मुळातच अवैध ठरवला. पोपने आधी नकार दिला, त्यामागेही कॅथरिनच्या भाच्याचा, सम्राट चार्ल्सचा, धाक होताच.

धर्म माणूस पाहून निवाडा देतो, याचं कोल्हापूरकरांना नवल वाटू नये. 1899 साली पंचगंगेवर शाहू महाराजांना शूद्र ठरवून वेदोक्त मंत्र नाकारणारे पुरोहित इथलेच. कुणाच्या कानावर कोणता मंत्र पडावा यासाठी या मंडळींनी वर्षानुवर्षं भांडण चालवलं. त्यातली अर्धी चिकाटी जरी नवऱ्याच्या मारातून बाईला सोडवायला लावली असती!

ते काम शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात केलं, तेही कायद्याने. 1917 साली विधवाविवाहाचा कायदा आला. 1919 साली बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्धचा आणि काडीमोडीचा कायदा आला. पुढे मुंबई प्रांताने 1946 साली हिंदूंचं दुसरं लग्न गुन्हा ठरवलं. तेव्हा धर्माच्या नावाने पुन्हा ओरड झाली. मुलगा नसेल तर मोक्षासाठी दुसरी बायको हवी, असा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयात झाला. नरसू अप्पा माळी खटल्यात 1951 साली न्यायालयाने तो फेटाळला.

पुरुषाच्या मोक्षासाठी एका जिवंत बाईचं आयुष्य उधळावं, असं सांगणाऱ्याला मी धर्मरक्षक म्हणणार नाही. आमच्या धर्माने बाईला आधीपासूनच सन्मान दिला, असं व्याख्यान यापुढे कानावर आलं, तर वाचकहो, उठून उभे राहा आणि दुसरं लग्न कोणत्या पीठाने, कोणत्या साली बंद केलं, एवढंच विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.