पोलाद देशाचे, मग मुले परराज्याची कशी?

भिलाईच्या हुडको वसाहतीत एका गल्लीत मराठी, तेलुगू, ओडिया, मल्याळी, भोजपुरी आणि छत्तीसगढी अशा किमान सहा भाषा कानांवर पडतात. पोलाद कारखान्याने उभे केलेले हे शहर आहे आणि कारखाना उभा करणारे हात देशाच्या साऱ्या प्रांतांतून आले. विदर्भातील भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या भागांतून आलेल्या कामगारांची आता तिसरी पिढी येथे वाढते आहे. दरवर्षी बारावीचे निकाल लागले की या घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : मुलाला शिकायला पाठवायचे कुठे? आणि त्यापाठोपाठ दुसरा, अधिक बोचरा प्रश्न उभा राहतो : कायद्याच्या दृष्टीने हे मूल आहे तरी कोणत्या राज्याचे?

हा प्रश्न केवळ काही कुटुंबांच्या गैरसोयीचा नाही. सार्वजनिक क्षेत्राच्या उभारणीसाठी राष्ट्राने ज्यांना हाक दिली, त्यांच्या मुलांशी तेच राष्ट्र कसे वागते, याचा हा प्रश्न आहे.

इतिहासातील एक योगायोग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. २७ जानेवारी १९५५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्याचा निकाल दिला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारतातील रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते. बाहेरच्यांकडून मात्र ते वसूल केले जाई. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने या भेदभावास आव्हान दिले. राज्यघटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, निवासावरून नव्हे, असे सांगून न्यायालयाने बहुमताने तो नियम उचलून धरला. एका न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदवले. या निकालानंतर आठवडाही उलटला नाही तोच, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. एकीकडे देशभरच्या कामगारांना एका ठिकाणी आणणारी योजना आखली जात होती, तर दुसरीकडे त्याच कामगारांची मुले पुढे ज्या भिंतीवर आदळणार होती, तिचा पाया घातला जात होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या कामगारास कोणी अधिवासाचा दाखला विचारला नव्हता.

सीमा तरी कोणत्या? ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्याच प्रांतात दुर्ग जिल्हा होता. १९४६ साली सागर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या प्रांताचे विद्यापीठही नागपूरचेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. माणसे जागची हलली नाहीत. त्यांच्यावरून सीमारेषा सरकत गेल्या. दुर्गहून सुटणारी गाडी डोंगरगड, आमगाव, गोंदिया, भंडारा अशी स्थानके घेत काही तासांत नागपूरला पोहोचते. आजी-आजोबांचे घर तिथे, शेताचा तुकडा तिथे, लग्नकार्ये तिथली. पण त्याच नागपूरच्या महाविद्यालयाच्या दारात भिलाईचे मूल परके ठरते.

हे परकेपण कसे घडवले जाते, ते नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील राज्यांच्या विद्यापीठांत स्थानिकांसाठी एक आणि परराज्यातल्यांसाठी दुसरे, असे शिक्षणशुल्काचे दोन दर उघडपणे छापलेले असतात. आपल्याकडे दुसरा दर बहुधा छापला जात नाही; तो नियमांच्या पोटात दडलेला असतो. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण झाल्याची अट आहे. सर्वसाधारणपणे अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. ज्या कामगाराचे उभे आयुष्य भिलाईच्या रोलिंग मिलमध्ये गेले, त्याने ही पंधरा वर्षे कोठून आणावीत? अभियांत्रिकीत आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास मुलासाठी एक वाट ठेवली आहे. पण ज्यांच्यासाठी ती वाट असावी, त्यांच्याचपाशी तो दाखला नसतो.

यानंतर फीच्या सवलतीचा प्रश्न येतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु त्याचा लाभ महाराष्ट्राच्या अधिवासी मुलींपुरता आहे. म्हणजे एकाच बाकावर दोन कामगारांच्या मुली बसतात, दोघींच्या बापांची मिळकत सारखीच. एकीचे शुल्क शासन भरते, दुसरीच्या बापाला कर्ज काढावे लागते. दोन दर म्हणतात ते हेच. त्यावर वसतिगृहाचे भाडे, खानावळीचा खर्च आणि गाडीभाडे यांची भर पडते.

आता केंद्राच्या संस्था पाहा. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या विद्यार्थ्यांना असतात आणि राज्य ठरते ते बारावी जेथून उत्तीर्ण झाली त्यावरून. भिलाईत बारावी झालेल्या मुलाला रायपूरची संस्था स्वराज्याची, नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था परराज्याची. हा नियम निदान सरळ आहे. पण एखाद्या घराने चांगल्या शिकवणीच्या आशेने मुलाला अकरावी-बारावीसाठी नागपुरास काकांकडे ठेवले, तर काय होते? रायपूरच्या संस्थेतील त्याचा गृहराज्याचा हक्क जातो. आणि दहावी भिलाईत झाल्यामुळे महाराष्ट्राच्या वैद्यकीय राज्य कोट्याचे दारही उघडत नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या वतीने घेतलेल्या एका भाबड्या निर्णयाची किंमत त्याला अशी मोजावी लागते. शिवाय, ज्या जागा मिळतात त्या तरी स्वस्त आहेत काय? २०१६ साली या राष्ट्रीय संस्थांचे वार्षिक शिक्षणशुल्क ७० हजारांवरून सव्वा लाख रुपये करण्यात आले. अनुसूचित जाती-जमातींना आणि अल्प उत्पन्न गटाला त्यात सूट आहे. पण मर्यादेच्या जराशा वर असलेल्या कामगाराला नाही.

सर्वांत कठोर घाव बसतो तो दलित कामगारांच्या मुलांवर. अनुसूचित जातींची राष्ट्रपतींची अधिसूचना १० ऑगस्ट १९५० ची आहे. छत्तीसगडमध्ये राज्याच्या राखीव जागांसाठी जातीचा दाखला मागणाऱ्याने आपले कुटुंब त्या काळी आजच्या छत्तीसगडच्या हद्दीत राहत होते, असा पुरावा द्यावा लागतो. कारखान्याचा करारच मुळी १९५५ चा! जो कारखाना अस्तित्वातच नव्हता, त्याचा कामगार १९५० साली भिलाईत कसा असेल? आणि त्या दिवशी नागपूर हीच तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, हा विरोधाभास कोणाच्या ध्यानातही येत नाही. परिणाम असा की, विदर्भातून आलेल्या बौद्ध वा महार कुटुंबातील मूल, मूळ राज्याच्या दाखल्यावर, भिलाईच्याच आयआयटीत अनुसूचित जातीचे मानले जाते आणि शेजारच्या राज्य महाविद्यालयात ते तसे राहत नाही. पावलापावलावर जात भोगणाऱ्या माणसाला, जातीच्या विरोधातील संरक्षण तेवढे सीमेपलीकडे ठेवून यावे लागते.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९९० साली आलेला खटला याच प्रकारचा होता. आंध्रातील अनुसूचित जमातीचा एक कर्मचारी फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक उद्योगात राखीव जागेवर लागला आणि मुंबईस आला. त्याचा मुलगा मुंबईतच शिकला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्याला राखीव प्रवेश नाकारला गेला आणि एका राज्यातील अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात बरोबर येत नाही, असा निर्वाळा घटनापीठाने दिला. बापाची नोकरी राष्ट्राची, मुलाचा हक्क मात्र प्रांताचा!

या प्रश्नाची दुसरी बाजू नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्थानिकांसाठी जागा राखण्याची मागणी हवेतून आलेली नाही. छत्तीसगड राज्य झाले तेव्हा एवढ्या मोठ्या प्रदेशात रायपूरचे एकच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. बस्तरच्या आदिवासी मुलाला, बड्या शहरांत महागड्या शिकवण्या घेतलेल्या मुलांबरोबर उघड्या मैदानात उतरवणे म्हणजे समता नव्हे. ज्याच्या डोंगरातले लोखंड देशभर गेले, त्याच्या मुलाला त्याच्याच राज्यात डॉक्टर होता येऊ नये, हा अन्याय भिलाईच्या कामगाराने आपला मानला पाहिजे. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच तोल साधण्याचा प्रयत्न केला : प्रादेशिक मागासलेपणाचा विचार मान्य, पण सर्वच जागा निवासावर राखणे अमान्य. पुढे २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील अधिवासाधारित आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. पदवीच्या पातळीवर मात्र प्रश्न जिथल्या तिथे आहे.

म्हणून भांडण बस्तरचा मुलगा आणि हुडकोतला मुलगा यांच्यात नाही. ते तसे दिसते, कारण शासकीय जागा मूठभर ठेवल्या आहेत. उरलेल्या जागा खाजगी संस्थाचालकांच्या हाती सोपवल्या आहेत आणि तेथे खऱ्या अर्थाने एकच अधिवास चालतो, तो पैशाचा. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला व्यवस्थापन कोट्यात कोणी दहावी कुठली, बारावी कुठली, असे अडवून धरत नाही. अधिवासाची भिंत ही गरिबांनी गरिबांविरुद्ध उभी केलेली भिंत होते. धनिक तिला वळसा घालून जातो.

युरोपातील एक दाखला उद्बोधक आहे. बेल्जियममधील लिएज शहरात शिकणाऱ्या एका फ्रेंच विद्यार्थिनीकडून परदेशी म्हणून जादा शुल्क मागण्यात आले. १९८५ साली युरोपीय न्यायालयाने ते अवैध ठरवले. ती तर दोन वेगळी, सार्वभौम राष्ट्रे! आपल्या एका प्रजासत्ताकात दुर्ग आणि नागपूर यांच्यात तेवढेही होऊ नये काय?

नियम माणसांच्या इतिहासापुढे वाकू शकतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र प्रवर्ग आहे. पण भिलाईच्या मराठी कामगाराने केवळ आपल्या भाषेपुरती अशी खिडकी मागू नये. शेजारच्या तेलुगू आणि ओडिया कुटुंबाचे दुखणे तेच आहे. ज्यांनी एका पाळीत खांद्याला खांदा लावून भट्टी चालवली, त्यांनी मुलांच्या प्रवेशासाठी आपापल्या प्रांतांच्या दारांशी वेगवेगळे अर्ज घेऊन उभे राहणे, हा पराभव ठरेल.

मागण्या स्पष्ट आहेत. शालेय शिक्षणाचे ठिकाण किंवा कुटुंबाचे मूळ राज्य, यांपैकी कोणताही एक आधार पुरेसा मानावा. दुहेरी अटी रद्द कराव्यात. शुल्कसवलत उत्पन्नावर द्यावी, दाखल्यावर नव्हे. विद्यार्थी ज्या राज्याचा असेल त्या राज्याशी हिशेब केंद्राने करावा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आणले आहे. तेव्हा केंद्राला हात झटकता येणार नाहीत. सार्वजनिक उद्योगांसाठी स्थलांतर केलेल्या दलित-आदिवासी कुटुंबांचा दर्जा त्यांच्या कामाच्या राज्यात मान्य करावा आणि त्यासाठी संसदेने कायदा करावा. मात्र स्थानिकांच्या राखीव जागांतून एकही जागा कमी न करता, जादा जागा निर्माण करून. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी : शासकीय महाविद्यालये वाढवा, शुल्क घटवा.

कारखान्यात कायम कामगारांची संख्या रोडावत चालली असून ठेका कामगार वाढत आहेत. जादा शुल्काचा भार कायम कामगार भविष्यनिर्वाह निधीतून कसाबसा उचलतो. ठेका कामगाराच्या मुलीचे शिक्षण तेथेच थांबते. कामगार संघटनांनी वेतनाच्या वाटाघाटींच्या टेबलावर हा प्रश्न बोनसइतकाच ठामपणे मांडला पाहिजे आणि विद्यार्थी चळवळीने तो बस्तरपासून भंडाऱ्यापर्यंत एकच प्रश्न म्हणून हाती घेतला पाहिजे. भिलाईचे रूळ देशभर पसरले आहेत आणि ते कोणत्याही राज्याच्या सीमेवर अडत नाहीत. ते घडवणाऱ्यांच्या मुलांनीच का अडावे?