वाढत्या अंगाचा स्वेटर

मुलांचे कपडे शिवावयास टाकताना आपल्याकडील आई शिंप्यास एक सूचना आवर्जून देते : ‘वाढत्या अंगाचे शिवा.’ ह्या एवढ्याशा सूचनेत काटकसर आहे, तसाच विश्वासही आहे. काटकसर ही की, एका वर्षाच्या खर्चात तीन वर्षे निभावीत. आणि विश्वास हा की, मूल वाढेल व आज हातावर लोंबणारी बाही उद्या मनगटाशी बरोबर येईल. लोकरीचे स्वेटरही आया व आज्या ह्याच हिशेबाने विणीत आल्या. आज तोच सैल, गुडघ्यांकडे उतरणारा स्वेटर ‘ओव्हरसाइझ’ ह्या नावाने दुकानाच्या काचेआड टांगलेला दिसतो आणि आमचे विद्यार्थी तो मोठ्या हौसेने मागतात. वस्तू तीच राहिली. तिच्यामागचा विचार मात्र निसटला. ह्या वस्तूविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपल्या शाळेने काय करावे ह्याविषयी, आमचे मत वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथमच कोणी विचारील की, ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या घाम गाळणाऱ्या मुलखात लोकरीची उठाठेव कशाला? शंका रास्त आहे. परंतु आपल्या गावाचा इतिहास तिला निराळेच उत्तर देतो. १९२५ साली ठाण्यासच रेमंडची लोकरीची गिरणी निघाली, १९४४ साली ती कैलासपत सिंघानिया ह्यांच्याकडे आली, आणि तिचे नाव पुढे देशभर झाले. ती गिरणी आता येथे चालत नाही. तिच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि जेथे थंडी चार दिवसांची पाहुणी, त्या गावाने दूरच्या थंड प्रांतांसाठी लोकर विणली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. घाटावरचा धनगर तर पिढ्यान् पिढ्या आपल्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी खांद्यावर टाकून उन्हापावसांत हिंडत आला आहे. शिवाय आमची मुले आता ठाण्यापुरती राहिली आहेत कोठे? कोणी शिक्षणासाठी पुण्यास वा दिल्लीस जातो, कोणी हिमालयाच्या सहलीस जातो, कोणाची बहीण कॅनडात संसार करिते. कल्याणपर्यंत वातानुकूलित लोकल धावू लागल्यापासून तर वैशाखातही अंगावर काही घ्यावे असे प्रवाशांस वाटू लागले आहे. तेव्हा लोकर आपल्याला परकी नाही.

आमची सूचना अशी की, इयत्ता आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो मुलगा असो वा मुलगी, कार्यानुभवाच्या तासांस आरंभ करून स्वतःच्या हाताने एक मोठा, वाढत्या अंगाचा स्वेटर विणावा. आणि विणल्यावर तो धुणे, वाळविणे, जपणे हेही आईवर न सोपविता स्वतःच करावे.

मोठाच का, ह्याचे कारण सांगतो. अंगाबरोबर बसणाऱ्या स्वेटरास मुंढ्याची व गळ्याची घट अगदी बिनचूक साधावी लागते. सैल स्वेटर नवशिक्यावर रागावत नाही. पाठ, पुढचा भाग व दोन बाह्या असे चार सरळ तुकडे विणता आले की बहुतेक काम झाले. परंतु सैल म्हणजे बेमाप नव्हे. येथेच गणिताचा उपयोग आहे. छाती २८ इंच असलेल्या मुलासाठी ८ इंच सैल सोडून ३६ इंचांचा घेर धरिला आणि इंचास ६ टाके बसत असले, तर २१६ टाके लागतील. म्हणजे पाठीस १०८ व पुढच्या भागास १०८. आता हात सैल असल्यामुळे इंचास ६ ऐवजी साडेपाचच टाके बसले, तर तेच २१६ टाके ३९ इंचांहून अधिक जागा व्यापतील. अर्ध्या टाक्याचा फरक, आणि घेर तीन इंचांनी वाढला! म्हणून सुज्ञ विणकरीण आधी चार इंचांचा चौकोनी नमुना विणते, तो धुते, वाळविते, मोजते आणि मगच टाके घालते. ‘आधी नमुना, मग काम’ हा पाठ पुस्तकातून शिकविल्यास कंटाळवाणा होतो. लोकरीतून तो एकदाच शिकावा लागतो.

हिशेब आणखी पुढे नेऊ. इंचास ८ ओळी धरल्या आणि उंची २२ इंच ठेविली, तर पाठ व पुढचा भाग मिळून ३८,०१६ टाके होतात. १८ इंच लांबीच्या दोन बाह्या, सरासरी ६८ टाक्यांच्या, आणखी १९,५८४ टाके घेतात. एकूण ५७,६०० टाके! मिनिटास २० टाके पडले तर हे ४८ तासांचे काम आहे. रोज अर्धा तास दिला तर ९६ दिवस. गणेशोत्सवानंतर सुया हाती धरिल्या तर नाताळास स्वेटर अंगात येतो. ज्या मुलाने हे सत्तावन्न हजार टाके स्वतः मोजिले, तो आजीने विणलेला स्वेटर बाकावर टाकून घरी जाणार नाही, असे आमचे ठाम मत आहे.

हे आम्ही उगाच लिहीत नाही. प्रतिवर्षी सहलीनंतर शाळेच्या कपाटात बेवारशी स्वेटर साठतात. त्यांत दुकानाची चिठ्ठी लाविलेले असतात, तसेच घरी विणलेलेही असतात. कोठे गळ्यापाशी नावाचे अक्षर भरलेले असते, कोठे कोपराला त्याच लोकरीने रफू केलेले असते. वर्गावर्गांतून विचारणा होते, आणि कोणी हात वर करीत नाही. स्वेटर हरवणे हा मोठा अपराध नव्हे. परंतु आपल्यासाठी कोणी तीन महिने खपले होते हे मुलाच्या ध्यानीच नसावे, ही गोष्ट आम्हांस गंभीर वाटते. पैशाने मोजलेल्या वस्तूची किंमत मुलांस कळते. हातांनी मोजलेल्या वस्तूची कळण्यास आपले हात एकदा तरी त्या कामात गुंतावे लागतात.

‘मुलग्यांनी विणावयाचे?’ असा प्रश्न काही पालक हसून करतील. त्यांस आम्ही इतकेच सांगू की, युरोपात एके काळी विणकाम हा पुरुषांच्या संघांनी चालविलेला धंदा होता, आणि १५८९ साली मोजे विणण्याचे पहिले यंत्र ज्याने रचले तो विल्यम ली हा इंग्लंडातील एक धर्मोपदेशक होता असे सांगतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील शाळकरी मुलगेही सैनिकांसाठी विणीत बसत. आपल्या देशात १९६२ साली चीनशी युद्ध जुंपले तेव्हा बर्फात उभ्या असलेल्या जवानांसाठी घरोघर स्वेटर विणले गेले. ज्या कामाने रणांगणावरील पुरुषाचा जीव राखला, ते काम शिकण्यात पुरुषास कमीपणा कसला?

आता जतन करण्याकडे वळू. कारण विणणे एका हिवाळ्याचे, पण जपणे दहा पावसाळ्यांचे काम आहे. प्रथम आपल्या हाती खरी लोकर आहे की नाही हे पाहावे. बाजारात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे सूत ॲक्रिलिक नावाचे कृत्रिम सूत असते. मोठ्या माणसाच्या देखत एक धागा चिमट्यात धरून पेटवावा. खरी लोकर जळक्या केसांसारखा वास देते व तिची राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धागा वितळतो व त्याचा टणक मणी होतो. कृत्रिम सुतास कसर लागत नाही व ते धुण्यास सोपे असते. गरिबाने ते वापरण्यात काही उणेपणा नाही. फक्त तापलेली इस्त्री त्याच्यापासून दूर ठेवावी.

खऱ्या लोकरीच्या तंतूवर घराच्या कौलांसारखे बारीक खवले असतात. कढत पाणी, सोडा व चोळणे ही तीन एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. मग तो पुन्हा पूर्ववत् होत नाही. म्हणून पाणी कोमट असावे. रात्री भिजवून, सकाळी उकळून गाळलेले रिठ्याचे पाणी ह्या कामास उत्तम. स्वेटर त्यात हलक्या हाताने दाबावा. चोळू नये, पिळू नये. मग तो पंचात गुंडाळून दाबावा म्हणजे पाणी पंचा शोषून घेतो.

वाळविण्याच्या बाबतीत मोठ्या स्वेटरास विशेष जपावे लागते. ओला झाला की तो जड होतो, आणि दोरीवर टांगला तर स्वतःच्याच भाराने लांबत जातो. बाह्या गुडघ्यांपर्यंत येतात. तो सावलीत चटईवर आडवा पसरावा आणि मापाप्रमाणे हाताने सारखा करावा. कपाटातही खिळ्याला किंवा हॅंगरला न लावता घडी करून ठेवावा.

आमच्या भागात लोकरीचा खरा शत्रू पावसाळा होय. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. खाडीच्या काठच्या दमट हवेत वरवर कोरडा भासणारा स्वेटर पेटीत बंद केला तर त्यास कुबट वास येतो व बुरशी धरते. म्हणून मे महिन्यातच तो धुऊन, खडखडीत वाळवून, हवाबंद पिशवीत घालावा आणि आश्विनातील ऊन पडेपर्यंत ती पिशवी उघडू नये. दुसरा शत्रू कसर. उडणारे पाखरू लोकर खात नाही. त्याची अळी खाते, आणि घामाचे व अन्नाचे डाग तिला विशेष आवडतात. तेव्हा मळका स्वेटर पेटीत ठेवणे म्हणजे तिला जेवावयास बोलावणे होय. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी खबरदारी घ्यावी. स्वच्छता हेच मुख्य औषध. विणून उरलेला लोकरीचा लहानसा गुंडा फेकू नये. टाका निसटला तर तो क्रोशाच्या सुईने उचलून त्याच लोकरीने पक्का करावा. आणि स्वेटर अगदीच अपुरा झाला तर धाकट्या भावंडास द्यावा, किंवा उसवून, लडी धुऊन, वजन लावून वाळवून नवा विणावा. लोकरीची वीण उसवली तरी लोकर वाया जात नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

खर्चाची व वेळेची अडचण आम्ही जाणून आहो. एका स्वेटरास सुमारे चारशे ग्रॅम लोकर लागते, आणि प्रत्येक घरास तो खर्च पेलेलच असे नाही. त्यास उपाय आहे. कित्येक घरांत जुने, न वापरलेले स्वेटर पडून आहेत. ते शाळेत आणावेत, मुलांनी उसवावेत आणि त्याच लोकरीवर हात बसवावा. वेळेविषयी म्हणाल तर, ज्या हातांत मोबाइल रोज दोन तास राहतो, त्या हातांस अर्धा तास सुया जड होतील असे आम्हांस वाटत नाही. कल्याणच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात उभ्या गर्दीतही भाजी निवडणाऱ्या व विणणाऱ्या भगिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी वेळ नाही ही सबब सांगू नये.

पवित्र शास्त्रात हन्नेची कथा आहे. तिने आपला शमुवेल परमेश्वराच्या सेवेस शिलो येथे ठेविला, आणि प्रतिवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा करून नेत असे. वर्षभर दृष्टीआड असलेल्या मुलाचे माप तिने कोठून घेतले असेल? आम्हांस वाटते, तिने ते अंदाजाने, म्हणजे वाढत्या अंगानेच धरिले असले पाहिजे. डोंबिवलीच्या एखाद्या घरात खिडकीशी बसून दूरदेशीच्या नातवासाठी विणणारी आजी आजही तेच करीत असते. नातू किती उंच झाला हे तिने मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेले असते. म्हणून ती चार टाके अधिक घालते. ते चार अधिक टाके म्हणजे केवळ लोकर नव्हे. ‘तू वाढशील, आणि वाढलास तरी हा तुला पुरेल’ हे तिचे सांगणे आहे.

प्रिय विद्यार्थ्यांनो, सैल स्वेटर घालण्याची तुमची हौस आम्हांस मुळीच नापसंत नाही. तो अवश्य घाला. मात्र एकदा तरी तो स्वतः विणा, स्वतः धुवा, आणि तुमच्यासाठी ज्यांनी विणला त्यांस तो घालून दाखवा. पालकहो, तुम्हांसही विनंती की, ह्या दिवाळीच्या सुटीत मुलाच्या हाती दोन सुया व लोकरीचा एक गुंडा द्यावा आणि घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसास विणता येते त्याच्याजवळ त्यास बसवावे. पहिले वीस टाके वेडेवाकडे येतील. ते उसवू नयेत. तसेच राहू द्यावेत.