लॅपटॉप कुणाच्या पसंतीचा?

भोरजवळच्या उत्रोलीत लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की ‘कुठल्या कंपनीचा?’ याआधी ‘भोरात दुरुस्त होईल का?’ असं विचारलं जातं. मला हा प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो. पुण्यात ऑफर बघून घेतलेल्या मशीनचं एक बटण निखळलं तर एसटी पकडून स्वारगेट गाठा, सर्व्हिस सेंटर शोधा, आठवड्यानं पुन्हा जा. त्यापेक्षा भोरातला दुकानदार ज्याचे पार्ट ठेवतो, तोच ब्रँड थोर!

घरी निदान एवढी तरी निवड असते. शाळेत तीही नाही. शिरवळच्या एखाद्या कारखान्यानं ऑफिसातले जुने संगणक शाळेला दिले, तर त्यांवर जे नाव असेल तेच मुलांच्या तोंडी बसणार.

हे काही आजचं नाही. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांत संगणक शिकवण्यासाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशातल्या शाळांमध्ये ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. अमेरिकेतली पोरं त्या काळी अ‍ॅपल टूवर शिकत होती. आपल्याकडच्या किती मास्तरांना कुणी विचारलं असेल, तुम्हाला कुठला हवा म्हणून? २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या मराठी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ चळवळीची हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं पोचली. दुकानात न मिळणारा लॅपटॉप आदिवासी पाड्यातल्या मुलांच्या हातात! उत्तर प्रदेशात २०१३ पासून सरकारनं एचपीचे सुमारे १५ लाख लॅपटॉप वाटले. सुरू केले की पडद्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री अखिलेश यादव आणि त्यांचे वडील मुलायमसिंह. तिथं एचपी घरोघरी पोचला तो निविदेमुळे. अशा वेळी ‘अमुक राज्यात अमुक ब्रँड लोकप्रिय’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

केरळनं मात्र वेगळा विचार केला. डबा कुणाचाही असो, शाळेत चालणार लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली, असं ठरवलं आणि शिक्षकांनाही तेच शिकवलं. आपल्याकडे महाराष्ट्रात २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा आली, सरकारी नोकरीसाठी तिचं प्रमाणपत्र लागू लागलं, आणि तालुक्याच्या क्लासमध्ये संगणक म्हणजे विंडोज हे पक्कं झालं. त्यामुळे भोरच्या दुकानात उत्रोलीचा बाप डेल, एचपी, लेनोव्हो यांवरून फारसा घोळ घालत नाही. ‘विंडोज टाकून देताय ना?’ एवढंच विचारून घेतो, आणि मग किमतीवर येतो.