बोटीत बसण्याआधी...

नववीत असताना, म्हणजे २०१८ साली, आमची सहल नळदुर्गला गेली होती. सरांनी पाणी महालाचा इतिहास सांगितला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर हा बांध पूर्ण झाला. बांधाच्या पोटात महाल काढला. पुराचं पाणी डोक्यावरून कोसळत असताना आत बसलेला माणूस कोरडाच! आम्ही ऐकतोय असं दाखवलं, पण सगळ्यांचं लक्ष खाली पाण्यावर होतं. तिथे बोटी होत्या!! इतिहास पाच मिनिटांत आटोपला आणि आम्ही रांगेत. माझ्या आयुष्यातली ती पहिली बोट. आमच्याकडच्या माणसाला बोटीचं किती अप्रूप असतं हे कोकणातल्या वाचकाला कळणार नाही. पाण्याचा टँकर बघत लहानाचे मोठे झालेलो आपण, पाण्यावर तरंगायला मिळणं म्हणजे चैनच!

हे आधी सांगायचं कारण म्हणजे, पुढचं वाचून मला कुणी ‘बोटींचा दुश्मन’ म्हणू नये.

मित्रहो, हल्ली जिल्ह्यात जिथे जावं तिथे एकच टूम ऐकू येते. ‘आपल्याही तलावात बोटिंग पाहिजे.’ होस्टेलच्या गच्चीवर यावर रात्री दोनपर्यंत वाद झालाय. दुसऱ्या दिवशी ओरल होती, तरी! माझा रूममेट (मेकॅनिकलचा, त्यामुळे इंजिन दिसलं की भावुक होतो) म्हणाला, “काठावर सिमेंटची जेट्टी बांधायची, चार मोटारबोटी सोडायच्या. पोरांना काम मिळतं, गावाला पैसा मिळतो. तुला काय प्रॉब्लेम आहे?” त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा आलेलं उत्तर समजा.

पहिली गोष्ट, आपला तलाव म्हणजे फोटोतलं काश्मीरचं तळं नव्हे. धाराशिव जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक तलाव माणसाने बांधलेला, कुठे पाझर तलाव, कुठे साठवण तलाव, कुठे मध्यम प्रकल्प. तो पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आटतो. जरा सिव्हिलचं गणित करू. मार्च ते मे आपल्याकडे बाष्पीभवनातच दिवसाला सहज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं. तीन महिन्यांत पाऊण मीटर. काठाचा उतार पन्नासास एक धरला तर पाण्याची कड जवळपास चाळीस मीटर आत सरकते. हे नुसतं उन्हामुळे, शेतीचा आणि पिण्याचा उपसा वेगळाच. म्हणजे दिवाळीत फीत कापलेली जेट्टी एप्रिलमध्ये चिखलात उभी! मग काय करणार? खोदून पाण्यापर्यंत चर नेणार, मुरूम टाकून रस्ता करणार, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दरवर्षी काठ उकरला जाणार आणि पहिल्या पावसाला ती सगळी माती तलावात जाणार. आधीच आपले तलाव गाळाने भरलेत. गाळ काढायला योजना आणायच्या आणि गाळ घालायलाही योजनाच आणायची?

आणि ती उघडी पडलेली चाळीस मीटरची पट्टी रिकामी असते असं समजू नका. माझ्या आजोळी तलाव आहे. पाणी ओसरलं की तिथली माणसं गाळपेर करतात. ओलीवर हरभरा, काकडी, टरबूज, जनावरांना चारा. ज्यांची जमीन तलावात गेली त्यांच्या नातवंडांना तेवढाच आधार. त्याच पट्टीत टिटवी उघड्या खड्यांमध्ये अंडी घालते. खड्यांसारखीच दिसणारी, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. हिवाळ्यात उथळ पाण्यात चक्रवाक येतात, थापट्या येतात, शेकाट्या तर असतातच. नेमक्या ह्याच उथळ कडेला आपण जेट्टी, पार्किंग आणि भेळेच्या गाड्या लावणार.

“पक्षी काय, उडून दुसरीकडे जातील,” असं रूममेट म्हणालाच. पण दुसरीकडे म्हणजे कुठे? तिथेही बोटिंगच पाहिजे ना सगळ्यांना! पट्टकादंबासारखा पक्षी हिमालय ओलांडून उजनी-जायकवाडीपर्यंत येतो तो खाऊन चरबी साठवून परत जायला. दर पंधरा मिनिटांनी इंजिनच्या आवाजाने त्याला उठवलं तर साठवलेलं सगळं इथेच खर्च होतं.

आता इंजिनबद्दल, कारण समोर मेकॅनिकलवाले आहेत. स्वस्तातली जुनी टू-स्ट्रोक मोटार असेल तर तिच्यातल्या पेट्रोलचा साधारण पाव भाग न जळताच बाहेर पडतो, तोही थेट पाण्यात आणि ऑइलसकट. तीन-चार फूट पाण्यात पंखा फिरला की तळाचा गाळ वर येतो, पाणी गढूळ होतं, गाळात बसलेलं खत पुन्हा पाण्यात मिसळतं आणि शेवाळ माजतं. हेच पाणी आपण पितो, हे विसरून कसं चालेल? २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्या धाराशिव शहरासाठी उजनीचं पाणी बालाघाटावर चढवून आणावं लागतं. इतक्या लांबून पाणी आणणाऱ्यांनी घरचा तलाव तेलकट करायचा म्हणजे कमालच!

मला वाटायचं, यासाठी कायदा असेलच. वाचला आणि चक्रावलो. २०१७ च्या पाणथळ नियमांत काठापासून (म्हणजे दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून) पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला मनाई आहे. अपवाद एकच आणि तो कोणता? बोटींची जेट्टी! त्याहून गंमत म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येतच बसत नाहीत. म्हणजे आपला जवळजवळ अख्खा जिल्हा बाहेर. नागपूरच्या फुटाळा तलावाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे तरंगतं रेस्टॉरंट, कारंजी असा सगळा थाट. ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल लागला, तलाव मानवनिर्मित, म्हणून नियमांतली ‘पाणथळ जागा’ नव्हे. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की सरकार जनतेच्या वतीने विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित तलावांनाही लागू होतं. मला ही बाजू महत्त्वाची वाटते.

कारण बांधलेला तलाव म्हणजे मेलेला तलाव नव्हे. भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाच्या काळातला, बांध घालून केलेला, आज रामसर यादीत आहे. २०२३ साली हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि इंधनावरच्या मोटारबोटी बंद करायला सांगितल्या. आपलं नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागचंच पाणी. पक्षी उतरताना तलाव कुणी बांधला हे विचारत नाहीत.

सुरक्षेबद्दल फार लिहीत नाही, पण दोन घटना आठवा. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट बुडून सहाजण गेले. वळवाचा वारा आपल्याकडेही काही सांगून येत नाही.

मग बोटच नको का? नाही, असं मी म्हणत नाही. पण सिमेंटचा धक्का कशाला? पाण्याबरोबर वर-खाली होणारी, ओढून आत-बाहेर नेता येणारी तरंगती जेट्टी करता येते. वल्ह्याच्या, पायडलच्या नाहीतर बॅटरीच्या बोटी ठेवाव्यात, त्याही भिंतीकडच्या खोल भागात. उथळ टोक पक्ष्यांना आणि गाळपेरवाल्यांना सोडून द्यावं. पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं की बोटी काठावर. आणि हो, ज्यांचे वडील-आजोबा त्या तलावात जाळी टाकत आले त्या भोई मंडळींना आधी विचारा! ठेका बाहेरच्याला देऊन त्यांना तिकीट फाडायला बसवणं म्हणजे रोजगार नव्हे. बाहेरून आणलेल्या बोटीच्या बुडाला चिकटून जलपर्णीचा एक तुकडा जरी आला तरी पहिली फाटणार ती त्यांचीच जाळी.

मागच्या उन्हाळ्यात मी आबांना (आईचे वडील) हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मला तलावावर घेऊन गेले आणि भिंतीच्या पिचिंगचे दगड दाखवत सुटले, “बाहत्तरच्या दुष्काळात ह्या पलीकडं थेंब न्हवता. सोळाला इथं. वीसच्या पावसात त्या वरच्या दगडापातूर.” कुठल्याही रजिस्टरपेक्षा पक्की नोंद! मी ते सगळे दगड टेपने मोजून वहीत उतरवले. गाईड सरांचं म्हणणं, प्रोजेक्टसाठी विषय जरा हलका आहे, सॉफ्टवेअर कुठलं वापरणार? बघू.

सबमिशन संपलं की एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा जाणार आहे. उतार नीट मोजायला डंपी लेव्हल आणि स्टाफ धरायला दोघेजण पाहिजेत. सकाळी सहाची एसटी आहे. मेकॅनिकलवालेही चालतील. फक्त खाली बघून चाला, तो टिटवीच्या अंड्यांचा महिना आहे.